दरवर्षी पाच सेंटिमीटर

"टाचा मागे टेकव. हनुवटी सरळ. श्वास घे. आता हलू नकोस."

मुलगा हलला. सातवीची मुलं हलतातच. सिस्टरनी उंचीच्या दांड्यावरची फळी त्याच्या डोक्यावर हलकेच टेकवली, आकडा वाचला, कच्च्या वहीत लिहिला आणि मान वर न करता म्हणाल्या, "काट्यावर." मुलगा वजनकाट्यावर चढला. काटा पुढे गेला, मागे आला, थरथरला आणि एक्केचाळीसच्या जरा पुढे थांबला. "उतर. बूट बाहेर जाऊन घाल. पुढचा कोण आहे, त्याला पाठव."

ही वाक्यं सिस्टर दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा म्हणत आणि गेली बावीस वर्षं म्हणत होत्या. झोपेतसुद्धा म्हणतात, असं त्यांचे यजमान सांगत. आणि आपण मग अंथरुणातच टाचा जुळवून सरळ पडतो, असंही वर सांगत. शाळाशाळांतली मुलं त्यांना काटेबाई म्हणायची. हे त्यांचं आडनाव नव्हतं. आरोग्य विभागाने मध्यंतरी आकडे दाखवणारं नवं यंत्र दिलं होतं, ते तीन महिन्यांत आजारी पडलं, तेव्हापासून सिस्टर आपला गोल तबकडीचा जुना काटा कापडात गुंडाळून शाळेशाळेत फिरवत. नऊ शाळा, एक सिस्टर, एक काटा. नावाचं त्यांना काही वाटत नसे.

उंची-वजन हा कामाचा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे प्रश्नावली. वीस प्रश्न होते. किती तास झोपतोस, न्याहारी करतोस का, पाणी किती पेले, खेळ किती वेळ, मोबाइल किती वेळ, दात दोनदा घासतोस का. शेवटी पाच चेहरे छापलेले असत. पहिला रडका, पाचवा दात दाखवून हसणारा. गेल्या महिन्यात तुला बहुतेक वेळा कसं वाटलं, त्या चेहऱ्याला गोल करायचा. कचेरीत याला जीवनाची गुणवत्ता म्हणत. सिस्टर त्याला चेहरे म्हणत. घरीही तीच भाषा झाली होती. यजमान सकाळी चहाचा कप हातात घेऊन "आज तिसरा" म्हणाले, की गुडघे दुखताहेत हे सिस्टरना कळे.

बावीस वर्षांत हजारो गोल बघितल्यावर त्यांना एक गोष्ट नक्की कळली होती. जे मूल झोपतं, सकाळी काही खाऊन येतं आणि संध्याकाळी धावतं, ते चौथ्या नाही तर पाचव्या चेहऱ्याला गोल करतं. जे झोपत नाही त्याचं पेन पहिल्या-दुसऱ्यापाशी घुटमळतं. कचेरीच्या वार्षिक अहवालात हेच रकाने आणि टक्के घालून छापून येई. ते खरंच होतं. फक्त त्या टक्क्यांत थोडी भर सिस्टरची होती.

झालं होतं असं, की कचेरीतला कॉम्प्युटर रिकामा रकाना घेत नसे. एका मुलाचा एक रकाना रिकामा राहिला, तर सबंध वर्गाची यादी परत येई. आणि गैरहजर मुलं तर प्रत्येक वर्गात असणारच. कुणी लग्नाला गेलेलं, कुणी गोवराने घरी. त्यांच्यासाठी परत काटा घेऊन यायचं, तर नऊ शाळा वर्षभरात संपल्या नसत्या. तेव्हा सिस्टरनी एक अंदाज बसवला होता. मागच्या उंचीत पाच सेंटिमीटर मिळवायचे, वजनात अडीच किलो, मोजलेल्या आकड्यातला अपूर्णांक आधी सोडून द्यायचा. झोप नऊ तास, न्याहारी रोज, खेळ एक तास, पाणी सहा पेले. आणि चेहरा चौथा. पाचवा द्यायचा नाही, फार पाचवे झाले की कचेरी संशय घेते. असा सिस्टरच्या हातचा चौथा चेहरा मिळालेली मुलं नऊ शाळांत कितीतरी होती, आणि त्यातून कोणाचं वाकडं झालेलं त्यांना माहीत नव्हतं.

त्या दिवशी सातवीचा वर्ग उरकेपर्यंत तिसरा प्रहर झाला. शाळेची आरोग्याची खोली वऱ्हांड्याच्या अगदी टोकाला होती. पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवत. शाळा लवकर सुटली होती. मुलांचा गलका फाटकापाशी विरून गेला, नळाखाली कोणी बादली लावून ठेवली होती तिचा आवाजही थांबला. सिस्टर वही मिटणार, तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

"राहिलीस का तू? नंबर?"

"तेवीस," मुलीचा आवाज आला.

"ये. बूट बाहेर."

मुलगी आत आली, दांड्याला पाठ लावून उभी राहिली. सिस्टरनी आपली वाक्यं सुरू केली, पण टाचा आधीच टेकलेल्या होत्या आणि हनुवटी सरळ होती. फळी खाली आणताना त्यांना सरळ पाडलेला भांग दिसला. एकशे बत्तीस. वयाच्या मानाने बुटकीच. काट्यावर सत्तावीस.

"तुझा पेपर कुठे आहे? प्रश्नांचा?"

"मला मिळाला नाही."

"बरं, मी विचारते, तू सांग. किती तास झोपतेस?"

"नऊ."

"न्याहारी?"

"रोज."

"खेळ?"

"एक तास."

"पाणी?"

"सहा पेले."

बाकीचे प्रश्नही असेच झाले. मुलं उत्तरं देताना छताकडे बघतात, बोटं मोजतात, मैत्रिणीला कोपर मारतात. ही थांबतच नव्हती. सिस्टर भराभर लिहीत होत्या. चेहऱ्यांचा कागद वहीखाली दबला होता, तो काढायला त्यांनी वही उचलली.

"चौथा," मुलगी म्हणाली.

सिस्टरना बरं वाटलं. सगळ्या वर्गात अशा चांगल्या सवयींचं मूल दुसरं नव्हतं. दिवसभर आकडे विचारून झाल्यावर त्यांना जरा बोलावंसं वाटलं. "शहाणी आहेस," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "न्याहारीला काय खातेस गं?"

उत्तर आलं नाही.

"लाजू नकोस. काय खेळतेस ते तरी सांग. कोणाबरोबर खेळतेस?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मग ती म्हणाली, "ते तुम्ही सांगितलं नाहीत."

तक्रार नव्हती त्यात. धड्यात नसलेला प्रश्न परीक्षेत आला की मुलं सांगतात, तसं तिने सांगितलं. सिस्टरनी ओळ पुरी केली आणि मान वर केली. खोलीत कोणी नव्हतं. गेली असेल, त्यांना वाटलं. पण दाराबाहेर बूट घालण्याची धडपड ऐकू आली नाही. मुलं तिथे एका पायावर नाचत बूट चढवतात, भिंतीला हात मारतात, त्याशिवाय बूट पायात जातच नाहीत.

थोड्या वेळाने सातवीच्या बाई आल्या. हातात हजेरीपट होता.

"झाली का सिस्टर माझी पलटण?"

"झाली. अडतीसच्या अडतीस."

"सदतीस," बाई म्हणाल्या. "आज सदतीसच आहेत."

"अडतीस हो. ही वही बघा."

बाईंनी चष्मा वर सरकवून वही पाहिली. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "तेवीस नंबर? ही कुठून आणलीत? तिसरीनंतर ही शाळेत आलेलीच नाही."

"आत्ता गेली ना इथून. वऱ्हांड्यात भेटली असेल तुम्हाला."

"वऱ्हांड्यातूनच आले मी. कोणी नव्हतं."

"मग ही उंची कुठून आली?"

"तुम्हीच दिली असेल," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "दरवर्षी देताच की."

बाई दार लोटून समोर बसल्या आणि आवाज खाली आणला. "हे बघा, तुमच्याशी काय लपवायचं. पटावर अडतीस नावं आहेत म्हणून आमच्या दोन तुकड्या आहेत. सदतीस झाली की एक तुकडी बंद, आणि एक शिक्षक बदलीवर. म्हणून तिचं नाव ठेवलंय. आठवड्यातून दोन-तीन दिवस हजर लावते. मी हजेरी देते, तुम्ही उंची देता. दोघींनी मिळून पोरगी सातवीपर्यंत आणली म्हणायची." बाई हसल्या.

"पण ती गेली कुठे?"

"गेली असतील कुठेतरी. भाड्याने राहणारी माणसं. आणखी थोडे दिवस, सातवी संपली की दाखला काढून टाकू. तेवढं नाव राहू द्या सिस्टर."

बाई गेल्यावर सिस्टरनी कार्डांची पेटी ओढली. प्रत्येक मुलाचं एक जाड कार्ड असे, त्यात पहिलीपासून सातवीपर्यंतचे रकाने. तेवीस नंबरचं कार्ड काढून त्यांनी खिडकीशी धरलं. सहावी, एकशे सत्तावीस. पाचवी, एकशे बावीस. चौथी, एकशे सतरा. अक्षर त्यांचंच. झोप नऊ, न्याहारी रोज, खेळ एक तास, चेहरा चौथा, तीनही वर्षं. तिसरीच्या रकान्यात मात्र खरे आकडे होते. खरे आकडे अडनिडे असतात. एकशे बारा पूर्णांक चार. सतरा पूर्णांक दोन. झोप पाच तास. खेळापुढे मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, दम लागतो. आणि चेहरा पहिला. त्याच्याभोवतीचा गोल इतका दाबून काढला होता, की कागद फाटला होता.

खाली शेरा होता, पुन्हा बोलावणे. शब्दांखाली दोन रेघा. तेही अक्षर सिस्टरचंच.

त्या खुर्चीत बसल्या. चार वर्षांपूर्वीचं ते वर्ष त्यांना आठवलं. पुन्हा बोलवायच्या मुलांची यादी केली होती, नऊ शाळांची मिळून एक्केचाळीस नावं. ज्या डॉक्टरांनी यायचं होतं त्यांची बदली झाली आणि नवी तारीख पडली नाही. पंधरा दिवसांनी सिस्टरच्या मुलीचं बाळंतपण आलं, त्या महिनाभर रजेवर गेल्या. नात झाली. परत आल्या तेव्हा दुसऱ्या शाळेची फेरी सुरू झाली होती. यादी कुठल्या ड्रॉवरमध्ये राहिली, तेही आता आठवत नव्हतं. नात चार वर्षांची झाली होती, लांब राहायची. रोज फोनवर सिस्टर तिला तेच विचारायच्या, झोपलीस का, खाल्लंस का, खेळलीस का, आणि ती एकेका प्रश्नाला अर्धा अर्धा तास सांगत बसायची.

मग त्यांना काट्याचं आठवलं. जिवंत माणूस काट्यावर उभं राहिलं की काटा एका जागी थांबत नाही. नुसत्या श्वासानेही तो बारीक हलत राहतो. बावीस वर्षं त्या थरथरीतूनच त्या आकडा वाचत आल्या होत्या. तेवीस नंबर चढली तेव्हा काटा थेट सत्ताविसावर गेला होता आणि तिथे राहिला होता.

सतरा, साडेएकोणीस, बावीस, साडेचोवीस, सत्तावीस. त्यांनी बोटांवर मोजलं. खोलीत उजेड होता, बाहेर ऊन होतं, तरी कोपऱ्यातल्या उंचीच्या दांड्याकडे बघायचं त्यांना धाडस होईना. बघितलं तेव्हा फळी एकशे बत्तीसवर होती. त्यांनी ती वर ढकलली, अगदी टोकाला, आणि काटा कापडात गुंडाळून, पिशवी उचलून दाराला कडी घातली. वऱ्हांड्यात दोन पावलं टाकेपर्यंत त्यांच्या पाठीमागे फळी दांड्यावरून खाली घसरल्याचा ओळखीचा आवाज झाला. फळी जुनी होती, खिळा सैल झाला होता, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या मागे वळल्या नाहीत.

कार्डावर पत्ता होता. शाळेपासून दोन गल्ल्या पुढे, तिसरा मजला. सिस्टर फाटकापाशी थांबल्या. डावीकडे बसथांबा होता, घर होतं, चौथ्या नाही तर तिसऱ्या चेहऱ्याचे यजमान होते. आज कार्ड भरून कचेरीत दिलं की प्रश्न मिटत होता. दरवर्षी मिटतच होता. पण ती मुलगी आली होती ती काहीतरी विचारल्यासारखी आली होती, आणि तिला आता उत्तर द्यायला कोणी जायचं असेल, तर ते आपणच, असं त्यांना वाटलं. भीती वाटत होतीच. त्यांना आपल्या स्वतःचीच भीती जास्त वाटत होती. त्या उजवीकडे वळल्या.

तिसऱ्या मजल्यावर लांब गॅलरी होती आणि ओळीने दारं. शेवटचं दार उघडं होतं. उंबऱ्याशी एक बाई शर्टांच्या ढिगाजवळ बसून बटणं लावत होती. सिस्टरचा पांढरा गणवेश बघून तिने सुई शर्टात टोचून ठेवली.

"कार्डाचं आहे का?" तिने विचारलं. "यंदाचं आलं नाही अजून."

सिस्टरनी जिन्यात जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. कार्डाची एक प्रत, शेरा सोडून, दरवर्षी कॉम्प्युटर छापतो आणि पत्त्यावर टपालाने पाठवतो, हे त्यांना माहीत होतं. ती कोणाच्या तरी हातात पडते, कोणी वाचतं, हे मात्र बावीस वर्षांत कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मुलगी..." त्या म्हणाल्या.

"बसा ना. पाणी देते."

बाईने पाणी दिलं. तिचं वय पस्तिशीच्या आतबाहेर असेल. ती परत आपल्या जागी बसली आणि सांगू लागली, पुष्कळदा सांगून झालेलं सांगतात तसं. "तिसरीच्या परीक्षेला पंधरा दिवस होते तेव्हा गेली. हृदयाला भोक होतं. जन्मापासून असेल म्हणाले. आधी कळलं असतं तर शिवता आलं असतं, असं पण म्हणाले. शिवता येतं म्हणे ते."

"शाळेत कळवलं नाहीत?"

"चिठ्ठी पाठवली होती कोणाच्या तरी हाती. पोचली का नाही, बघितलं नाही मी. माझं तेव्हा कशात लक्ष होतं? पुढच्या वर्षी कार्ड आलं."

बाईने शर्टावरून हात फिरवला.

"फाडणारच होते. पण उंची वाचली. एकशे सतरा. म्हटलं, खरंच, एवढी झाली असती." तिने दाराच्या चौकटीकडे मान वळवली. "मग ती खूण केली."

चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या. खालच्या रेघा जवळजवळ, वेड्यावाकड्या, एकेकीजवळ खाडाखोड. वरच्या तीन रेघांमधलं अंतर अगदी सारखं होतं. सिस्टरना पट्टी लावून बघायची गरज नव्हती.

"झोप नऊ तास लिहिलेलं असतं," बाई म्हणाली. "ते वाचून बरं वाटतं. इथे होती तेव्हा आडवी झाली की दम लागायचा तिला. भिंतीला टेकून बसून झोपायची. मला वाटायचं खोड आहे. ओरडायचे मी." तिने सुई शर्टातून ओढून काढली. "कोण लिहितं हो ते कार्ड?"

"मी," सिस्टर म्हणाल्या.

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत, पण सिस्टरना तो असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"मग तुम्हालाच विचारते. न्याहारी रोज करते, असं लिहिता. काय खाते?"

सिस्टरनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"एक तास खेळते लिहिता. कोणाबरोबर खेळते?"

"ते..." सिस्टर म्हणाल्या, "ते मी लिहिलं नाही."

हे बोलताना दुपारचा तो आवाज त्यांना आठवला, आणि त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरली. मग जे सांगायला आल्या होत्या ते त्यांनी सांगून टाकलं, मधे न थांबता. तिसरीत तिने दम लागतो असं लिहिलं होतं. पाच तास झोप लिहिली होती. आपण ते वाचलं होतं. पुन्हा बोलावणे असा शेरा मारला होता, खाली दोन रेघा मारल्या होत्या, आणि बोलावलं नव्हतं. डॉक्टरांची बदली, रजा, नात, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते आता राहिलं नव्हतं.

बाई ऐकत होती. खाली गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बोलावलं असतंत तर मी आणलं असतं तिला," ती म्हणाली. "कामाचा खाडा करून आणलं असतं. उचलून आणलं असतं."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

सिस्टर रडत होत्या, पण आवाज न करता, आणि डोळे पुसायला लाज वाटत होती. बाईने एक बटण लावून संपवलं, दोरा दाताने तोडला आणि शर्टाची घडी केली.

"आता मी नाही लिहिणार," सिस्टर म्हणाल्या. "कार्डावर ती गेली ती खरी तारीख लिहीन. कचेरीला परत पाठवायचं तर पाठवू दे. शाळेला काय अडचण व्हायची ती होऊ दे. आता कार्ड येणार नाही तुमच्याकडे."

"कळलं मला. तुम्ही दारात आलात तेव्हाच कळलं." बाईने शर्ट ढिगावर ठेवला. "पण यंदा किती झाली, ते तरी सांगा."

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणणं शक्य नव्हतं, आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

"एकशे बत्तीस," त्या म्हणाल्या. "आजच मोजली."

मोजली म्हणजे काय, हे बाईने विचारलं नाही. ती हातातली सुई विसरून समोर बघत राहिली. "कशी दिसते?" तिने विचारलं.

सिस्टरनी आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं. टाचा आठवल्या, एकमेकींना चिकटलेल्या. काटा आठवला, वही आठवली, आपलंच अक्षर आठवलं. चेहरा आठवेना, कारण चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. बावीस वर्षांत किती चेहऱ्यांकडे पाहिलं होतं, तेही त्या क्षणी त्यांना सांगता आलं नसतं.

"भांग सरळ होता," त्या अखेर म्हणाल्या. "अगदी सरळ."

"मी पाडायचे," बाई म्हणाली. "हलायची नाही तेवढा वेळ."

ती उठली. कोनाड्यातून पेन्सिलीचा तुकडा काढला, तो बोटांत फिरवला आणि परत ठेवून दिला. "रेघ नको आता," ती म्हणाली. "तुम्ही नुसता हात धरा. किती झाली ते मला बघू दे."

सिस्टर उठून चौकटीपाशी गेल्या. मोजपट्टी पिशवीत होती, ती त्यांनी काढली नाही. एकशे बत्तीस कुठे येतात हे त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यांनी तळहात आडवा करून चौकटीला लावला, मुलाच्या डोक्यावर फळी टेकवतात तसा हलकेच, आणि सवयीने त्यांच्या तोंडून आलं, "टाचा मागे टेकव. हनुवटी सरळ."

बाई समोर उभी राहून बघत होती. हातापासून खाली, तिथून आणखी खाली, उंबऱ्यापर्यंत, सावकाश. मग परत वर.

"बरीच झाली," ती म्हणाली.

सिस्टरचा हात भरून आला होता, पण बाई बघत होती तोवर त्यांनी तो खाली घेतला नाही.